प्राथमिक वर्गात लॅपटॉप आणि ऑनलाइन साधने : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वर्गात लॅपटॉप येणार असं ठरलं की शिक्षकांच्या खोलीत तेच ते प्रश्न फिरू लागतात. साधारण सहा ते अकरा वर्षांच्या मुलांना शिकवणाऱ्यांसाठी ही उत्तरं लिहिली आहेत. काही उत्तरांत माझी मतं आहेत, आणि ती ठाम आहेत.

एवढ्या लहान मुलांना लॅपटॉप खरंच लागतो का?

रोज लागत नाही. जे काम वहीत तितकंच चांगलं होतं, ते वहीतच होऊ द्या. बेरजेची वीस उदाहरणं पडद्यावर सोडवून मूल जास्त काही शिकत नाही, उलट कळ शोधण्यात वेळ घालवतं.

पण काही गोष्टी वहीला जमत नाहीत. स्वतःचं वाचन ध्वनिमुद्रित करून पुन्हा ऐकणं ही त्यातली पहिली. अडखळत वाचणाऱ्या मुलाला ‘नीट वाच’ असं दहा वेळा सांगण्यापेक्षा स्वतःचा आवाज एकदा ऐकू दिला, तर आपण कुठे थांबतो हे त्याचं त्यालाच कळतं. लिहिलेला परिच्छेद पान न फाडता चार वेळा बदलता येणं ही दुसरी. कुंडीतल्या रोपाचा रोज एकाच जागेवरून फोटो काढायचा आणि पंधरा दिवसांनी ते सगळे भराभर पुढे सरकवायचे, ही तिसरी. वाढ ‘दिसणं’ म्हणजे काय ते त्या क्षणी मुलांच्या चेहऱ्यावर वाचता येतं.

‘मुलांना यंत्र द्या, बाकीचं ती शिकतील’ हा विचार मोठ्या प्रमाणावर करून पाहिला गेला आहे. अमेरिकेतल्या एमआयटी या तंत्रज्ञान संस्थेचे निकोलस नेग्रोपोंटे यांनी २००५ मध्ये शंभर डॉलरच्या लॅपटॉपची कल्पना जगापुढे मांडली. पेरू देशाने असे आठ लाखांहून अधिक लॅपटॉप मुलांमध्ये वाटले. नंतरच्या अभ्यासात मुलांच्या गणितात आणि वाचनात म्हणावा असा फरक आढळला नाही. यंत्रं पोचली होती, पण त्यांच्याभोवती धडे बांधले गेले नव्हते आणि शिक्षकांना पुरेशी तयारी मिळाली नव्हती. म्हणून आधी धडा ठरवा, आणि त्यातल्या कोणत्या दहा-पंधरा मिनिटांना लॅपटॉप लागेल ते नंतर.

पहिल्या दिवशी काय शिकवायचं?

झाकायला.

गंमत नाही. पहिला पुरा तास मी उचलणं, ठेवणं, उघडणं आणि झाकणं यालाच देते. दोन्ही हातांनी, तळाला धरून उचलायचं. पडदा धरून कधीच नाही, कारण लॅपटॉप सर्वांत आधी बिजागरीपाशी मोडतो. उघडताना झाकणाच्या मधोमध धरायचं. बंद करण्यापूर्वी कळफलकावर पेन्सिल, खोडरबर राहिलं नाही ना ते पाहायचं. पेन्सिल आत राहून पडदा तडकणं ही लहान वर्गातली अगदी ठरलेली दुर्घटना.

मग खूण ठरवायची. आमच्याकडे ‘अर्धं झाकण’ म्हटलं की प्रत्येकजण पडदा आपल्याला दिसणार नाही इतका खाली आणतो, पण पूर्ण बंद करत नाही. पूर्ण बंद केला तर यंत्र झोपतं आणि परत लॉगिन करावं लागतं. अर्ध्या झाकणामुळे काम जिथल्या तिथे राहतं आणि तीस चेहरे पुन्हा तुमच्याकडे वळतात. उघडा पडदा समोर असताना सूचना देणाऱ्या शिक्षकाचं कुणी ऐकत नाही. मोठ्यांच्या बैठकीतही ऐकत नाहीत, तिथे मुलांची काय कथा.

ही खूण पहिल्या आठवड्यात निदान वीस वेळा, खेळासारखी घ्या. पुढचं वर्षभर ती तुमचा घसा वाचवते.

कोणत्या वयात काय द्यावं?

पाच ते सात वर्षांच्या मुलांच्या बोटांना टचपॅड जड जातो. एक बोट दाबून धरायचं आणि दुसरं सरकवायचं, हे त्यांना रडवतं. साधा तारेचा, आकाराने लहान माउस दिला की निम्म्या तक्रारी मिटतात. या वयात चित्र काढणं, आवाज मुद्रित करणं, चित्रांचे ठोकळे जोडून हलणारी गोष्ट बनवणं एवढं पुष्कळ झालं. स्क्रॅच ज्युनियर हे साधन याच वयासाठी बनवलेलं आहे, आणि त्यातल्या ठोकळ्यांवर शब्द नसतात, त्यामुळे वाचता न येणारं मूलही ते वापरू शकतं.

आठ-नऊच्या पुढे टंकलेखन, लहान मजकूर लिहिणं, साधा तक्ता भरून त्याचा स्तंभालेख काढणं जमतं. स्वतःहून इंटरनेटवर शोध घेण्याची घाई करू नका. शोधातून आलेल्या दहा निकालांतला जाहिरातीचा कोणता हे ओळखणं मोठ्यांनाही जड जातं. शिक्षकाने आधी पाहून निवडलेली तीन पानं द्यावीत आणि त्यातून उत्तर शोधायला सांगावं.

प्रत्येकाला एक हवा, की दोघांत एक चालेल?

दोघांत एक. तीस लॅपटॉप असले तरी बऱ्याचदा मी पंधराच बाहेर काढते.

जोडीतलं एक मूल ‘हात’ आणि दुसरं ‘डोळे’. हात फक्त कळा दाबतो, डोळे फक्त सांगतात. डोळ्यांनी कळफलकाला हात लावायचा नाही आणि हातांनी न विचारता पुढे जायचं नाही. दर सात मिनिटांनी घंटा वाजली की अदलाबदल. ‘ते नाही, त्याच्या वरचं... नाही, डावीकडचं’ असं सांगताना मुलांना नेमकं बोलावं लागतं, आणि तो भाषेचा सराव फुकटात पदरात पडतो. घंटा मात्र हवीच. तिच्याशिवाय धीट मूल पूर्ण तास हात बनून राहतं आणि बुजरं मूल नुसतं बघत बसतं.

लेखन, वाचनाचं मुद्रण आणि टंकलेखन ही एकट्याची कामं. तिथे प्रत्येकाला वेगळा द्या, नाहीतर पाळी लावा.

लॉगिनमध्येच अर्धा तास जातो. काय करू?

सगळ्यांचं हेच रडगाणं असतं, आणि त्याला कारणं आहेत.

मुलं इंग्रजी अक्षरं बहुधा लहान लिपीत वाचतात, आणि कळफलकावर छापलेली असतात मोठ्या लिपीतली. छोट्या जी ची कळ शोधणाऱ्या सहा वर्षांच्या मुलाला मोठी जी समोर असूनही दिसत नाही. शून्य आणि ओ, एक आणि एल यांचा घोळ वेगळाच. त्यात कुणाची तरी कॅप्स लॉक चालू राहिलेली असते, आणि पासवर्ड ठिपक्यांत दिसतो म्हणून चूक कुठे झाली ते कळायला मार्ग नसतो.

लहानांसाठी क्यूआर कोडचं कार्ड किंवा चित्र निवडून आत जाण्याची सोय असलेली साधनं घ्या. कार्ड वर्गातच, पेटीत राहू द्या. मोठ्यांसाठी दोन छोटे शब्द आणि एक अंक पुरतो. शून्य, ओ, एक, एल टाळा. प्रत्येक मुलाला लॅपटॉपचा क्रमांक ठरवून द्या, म्हणजे खातं त्याच यंत्रावर लक्षात राहतं आणि बिघाड झाला तर कुणाच्या हातात होता हेही कळतं. आणि पासवर्ड गुप्त ठेवायचा असतो हे याच वयात शिकवा. जिवलग मैत्रिणीलाही सांगायचा नाही, यावर वर्गात झकास चर्चा होते.

अजून एक. लॉगिन चालू असताना फळ्यावर दुसरं काही करायला द्या. आत गेलेली मुलं रिकामी बसली की खेळ सुरू होतात.

तीस लॅपटॉप एकदम उघडले की इंटरनेट बसतं.

बसणारच. हिशोब करून पाहा. मध्यम दर्जाच्या एका व्हिडिओला सेकंदाला सुमारे अडीच मेगाबिट लागतात. तीस मुलांनी तोच व्हिडिओ आपापल्या पडद्यावर लावला तर पंच्याहत्तर मेगाबिट झाले, तेही शेजारच्या वर्गात कुणी काही करत नसेल तर. तोच व्हिडिओ प्रोजेक्टरवर एकदा दाखवला तर अडीचमध्ये भागतं, शिवाय हवा तिथे थांबवून प्रश्न विचारता येतात.

दुसरा चोर म्हणजे अपडेट. महिनाभर कपाटात पडलेले लॅपटॉप उघडले की सगळे एकाच वेळी अपडेट उतरवू लागतात. म्हणून धड्याच्या आदल्या दिवशी ते चालू करून ठेवा. चार्जिंगचंही तसंच : पंचेचाळीस वॉटचे तीस चार्जर म्हणजे साडेतेराशे वॉट. एवढा भार एकातून एक जोडलेल्या एक्स्टेंशन बोर्डांवर टाकू नका. पाळीपाळीने लावा किंवा चार्जिंगचं कपाट घ्या.

आणि इंटरनेट नसेलच तर?

फारसं बिघडत नाही. शैक्षणिक खेळांचं जीकॉम्प्री आणि चित्रं काढायचं टक्स पेंट ही दोन्ही मोफत आहेत, जाहिरातींशिवाय आहेत आणि एकदा बसवली की जोडणीविना चालतात. आज्ञांचे ठोकळे जोडून गोष्टी आणि खेळ बनवायचं स्क्रॅचही संगणकावर उतरवून वापरता येतं. कोलिब्री नावाची व्यवस्था आहे, तिच्यात धडे एका संगणकावर साठवून वर्गातल्या बाकीच्यांना इंटरनेटशिवाय देता येतात. पहिली दोन-तीन वर्षं अशीच काढायला माझी काहीच हरकत नाही. बाहेरच्या जगाचं दार बंद असलं की निम्म्या काळज्या आपोआप मिटतात.

शेकडो साधनं आहेत. निवडायचं कसं?

तास संपल्यावर मुलाच्या हातात काय उरतं ते पाहा. काही साधनांत शेवटी गुण, तारे आणि फुगे उरतात. काहींत चित्र, गोष्ट, आलेख, मुद्रित केलेलं वाचन उरतं. मी दुसऱ्या प्रकारच्या बाजूची आहे.

ही आवड नवी नाही. वॉली फ्यूरझिग, सेमूर पॅपर्ट आणि सिंथिया सोलोमन यांनी १९६७ मध्ये मुलांसाठी लोगो ही संगणकाला आज्ञा देण्याची भाषा तयार केली. तिच्यातल्या कासवाला ‘पुढे जा, उजवीकडे वळ’ अशा आज्ञा देऊन चित्र काढता येतं. चौकोन काढायचा तर नव्वद अंशांत चार वेळा वळावं लागतं हे मूल कासवाच्या जागी स्वतः उभं राहून, चालून शोधतं. एमआयटीच्या मीडिया लॅबमधून २००७ मध्ये आलेलं स्क्रॅच त्याच घराण्यातलं. ते आठ वर्षांपुढच्या मुलांसाठी आहे. विज्ञानासाठी कोलोरॅडो विद्यापीठाचे फेट हे पडद्यावरचे प्रयोग पाहा. त्यांतले काही, जसे तराजूचे आणि अपूर्णांकांचे, नऊ-दहा वर्षांच्या मुलांना छान जमतात. मात्र आधी खरी फळी, खरे दगड घेऊन तोल साधू द्या. पडद्यावरच्या तराजूला वजन नसतं.

वेळ लावून घेतल्या जाणाऱ्या प्रश्नमंजूषा मुलांना आवडतात, नाकारायचं कारण नाही. पण जो लवकर दाबतो तोच वर दिसतो, आणि सावकाश विचार करणारं मूल तळाला राहतं. वेळ बंद करायची सोय असेल तर ती वापरा.

निवडताना जाहिराती, ‘पुढचा व्हिडिओ आपोआप’ आणि पैसे मागणाऱ्या चौकटी आहेत का ते स्वतः अर्धा तास खेळून तपासा. आणि वर्षाला तीन-चार साधनांवर थांबा. दर आठवड्याला नवं साधन म्हणजे दर आठवड्याला नवी बटणं शिकणं.

मुलं तास संपेपर्यंत रंग आणि फॉन्टच बदलत बसतात!

माझ्या वर्गात हे झालं आहे. ‘पावसावर पाच ओळी लिहा’ असं सांगितलं होतं. पस्तीस मिनिटांनी फिरून पाहिलं, तर बहुतेकांच्या पडद्यावर ‘पाऊस’ हा एकच शब्द होता, पण इंद्रधनुष्यी रंगात, गरगर फिरणारा. चूक माझी होती. आता पाच ओळी आधी वहीत लिहायच्या, मला दाखवायच्या आणि मग झाकण उघडायचं. सजावटीला शेवटची पाच मिनिटं, घड्याळ लावून.

मराठी टंकलेखन कसं शिकवावं?

दोन वाटा आहेत. रोमन अक्षरं दाबून मराठी उमटवायची, किंवा इनस्क्रिप्ट कळफलक (भारतीय लिपींसाठी ठरवलेली कळांची रचना) शिकायचा. पहिली मोठ्यांना सोपी वाटते, कारण त्यांना इंग्रजी स्पेलिंगची सवय असते. जे मूल अजून मराठीच वाचायला शिकतंय, त्याला ‘कमळ’ लिहायला आधी इंग्रजी अक्षरं जुळवायला लावणं म्हणजे द्राविडी प्राणायाम. ‘ल’ की ‘ळ’, ‘न’ की ‘ण’, हे दर वेळी यंत्राने सुचवलेल्या यादीतून निवडावं लागतं ते निराळंच.

इनस्क्रिप्टची रचना मुलांना बाराखडीसारखी वाटते. स्वर आणि काने-मात्रा डाव्या हाताला, व्यंजनं बहुतांशी उजव्या हाताला. क च्या कळेवर शिफ्टसह ख, ग वर घ, त वर थ, ल वर ळ. एक जोडी कळली की बाकीच्या मुलं स्वतःच शोधतात.

अडखळायच्या जागा ठरलेल्या आहेत. पहिली वेलांटी अक्षराच्या आधी दिसते, पण टंकताना नंतर येते : ‘कि’साठी आधी क, मग वेलांटी. रफाराचं उलट. हाताने लिहिताना तो शेवटी देतो, इथे र आधी : ‘सूर्य’मध्ये र, मग पाय मोडायचा, मग य. ‘त्र’साठीही त चा पाय मोडून र जोडायचा. एरवी ‘सूर्य’मधला र अर्धा की य अर्धा यावर वर्गात दरवर्षी वाद होतो. कळफलकावर तो वाद एका मिनिटात मिटतो, कारण पाय चुकीच्या अक्षराचा मोडला तर ‘सूय्र’ उमटतं आणि सगळे हसतात. जोडाक्षरं शिकवायला याहून चांगलं साधन मला सापडलेलं नाही.

रोज दहा मिनिटं पुरेत. वेग मोजू नका.

हस्ताक्षर बिघडेल का?

वहीतलं लेखन कमी केलं तर बिघडेल, लॅपटॉप आल्यामुळे नाही. फिनलंडने २०१६ पासून जोडलेली, वळणदार लिपी सक्तीने शिकवणं थांबवलं आणि टंकलेखनाला जागा दिली, पण सुटी अक्षरं हाताने लिहिणं तिथेही चालूच राहिलं. अक्षर गिरवताना हात, डोळा आणि ध्वनी एकत्र येतात. लहान वर्गांत ते सोडून चालणार नाही. सहा-सात वर्षांच्या मुलांकडून मी टंकलेखन करूनच घेत नाही.

डोळ्यांचं काय?

दर वीस मिनिटांनी, वीस फूट म्हणजे सुमारे सहा मीटर लांबच्या वस्तूकडे, वीस सेकंद पाहायचं. ‘अर्धं झाकण, खिडकीबाहेर बघा’ अशी सवय लावली की वेगळं काही करावं लागत नाही. पडद्यात गुंगलेली मुलं पापण्या कमी मिटतात, त्यामुळे डोळे कोरडे पडतात आणि चोळले जातात. पडद्यावर खिडकीचा उजेड चमकू नये अशा दिशेला बाकं वळवा.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये पाच वर्षांखालच्या मुलांसाठी सल्ला दिला : दोन ते चार वर्षांच्या मुलांना दिवसाला एक तासाहून जास्त पडदा नको, कमी असेल तर अधिक चांगलं. शाळकरी मुलांनाही त्यांच्या घरचा पडदा आधीच भरपूर असतो, याचं भान ठेवा. जवळचं कमी दिसण्याची नाही, तर लांबचं कमी दिसण्याची तक्रार मुलांत वाढते आहे, आणि तिच्यावर मोकळ्या उजेडातला वेळ उपयोगी ठरतो हे दिसून आलं आहे. थोडक्यात, संगणकाचा तास मैदानाच्या तासातून कापू नका.

बसण्याबद्दल एवढंच : पाय लोंबकळत असतील तर खाली खोकं ठेवा.

मुलांची खाती उघडताना काय पाहावं?

अनेक संकेतस्थळांवर ‘तेरा वर्षं पूर्ण’ ही अट असते. तिचं मूळ अमेरिकेच्या १९९८ च्या कायद्यात आहे : तेराखालच्या मुलांची माहिती पालकांच्या संमतीशिवाय गोळा करता येत नाही. युरोपात ही मर्यादा सोळा आहे आणि देशांना ती तेरापर्यंत उतरवता येते. भारताच्या २०२३ च्या कायद्यात अठराखालचा प्रत्येकजण बालक धरला आहे. खोटी जन्मतारीख घालून खातं उघडायला मुलांना कधीच सांगू नका. शिक्षकाने सांगितलेलं पहिलं खोटं ती फार दिवस लक्षात ठेवतात.

शक्य तिथे खातं नसलेलं साधन निवडा. लागलंच तर पूर्ण नावाऐवजी क्रमांक किंवा टोपणनाव द्या, फोटोऐवजी स्वतः काढलेलं चित्र लावा, आणि पालकांना काय वापरतोय ते आधी लेखी कळवा.

एखाद्या मुलाने नको ते उघडलं तर?

नको ती संकेतस्थळं अडवणारी गाळणी लावलेली असली तरी हे कधीतरी होतंच. आधीपासून शिकवून ठेवा : काही विचित्र, भीतिदायक दिसलं की पटकन झाकण खाली आणि हात वर. खिडकी बंद करायची फुली शोधत बसायचं नाही. आणि जे मूल हात वर करेल त्याला रागवायचं नाही, शोध कुणी घेतला याची चौकशी सर्वांसमोर करायची नाही. एकदा रागावलात की पुढच्या वेळी झाकण खाली जाईल, पण हात वर येणार नाही.

एआयला प्रश्न विचारू द्यावेत का?

या वयात मुलांना थेट नाही. बहुतेक सेवांच्या वयाच्या अटीतही ती बसत नाहीत. शिक्षकाने प्रोजेक्टरवर, सर्वांसमोर एखादा प्रश्न विचारावा आणि आलेल्या उत्तरातली चूक शोधायला लावावी. वर्गाला नीट ठाऊक असलेलाच विषय घ्या. एवढ्या आत्मविश्वासाने सांगितलेलं चुकीचं असू शकतं, हे मुलांना फार मजेचं वाटतं.

घरी लॅपटॉप घ्यावा का, असं पालक विचारतात.

शाळेसाठी म्हणून नको. घरी पडदा लागेल असा गृहपाठ मी देत नाही, कारण लॅपटॉप सगळ्यांकडे नसतो.

पाणी सांडलं तर?

चार्जर काढा, बटण दाबून धरून बंद करा, उघडाच ठेवून तंबूसारखा पालथा घाला आणि दुरुस्ती करणाऱ्याकडे द्या. चालतो का हे बघायला पुन्हा सुरू करू नका, बिघाड नेमका तेव्हाच होतो. तांदळात ठेवून काही होत नाही. पाण्याच्या बाटल्या बाकावर नाही तर दाराशी ठेवल्या की हा प्रश्नच येत नाही.

लांब सुटीत कसे ठेवावेत?

लिथियम-आयन बॅटरी पूर्ण भरून किंवा पूर्ण रिकामी करून महिनोन्‌महिने ठेवली की लवकर थकते. निम्म्याच्या आसपास चार्ज ठेवा, पूर्ण बंद करा (नुसतं झाकण मिटलं तर यंत्र झोपतं, बंद होत नाही), चार्जर काढा आणि थंड, कोरड्या जागी उभे लावा. एकावर एक रचू नका, खालच्याच्या पडद्यावर भार येतो. कळफलक मऊ, किंचित ओल्या कापडाने पुसून घ्या. द्रव कापडावर घ्यायचा, थेट यंत्रावर फवारायचा नाही. शाळा उघडायच्या दोन दिवस आधी सगळे चालू करा, अपडेट उतरू द्या आणि कोणत्या क्रमांकाचा माउस हरवलाय ते शोधायला घ्या.